लाल कौलं, हिरवं झाड आणि एकच करडा

प्रश्न : शेतावरच्या एका जुन्या घराचे मी सकाळी, सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढले. दगडी भिंत, लाकडी दार, लाल कौलं, मागे हिरवंगार झाड, वर निळं आभाळ. रंगीत फोटो छान दिसतो. कृष्णधवल केला की कौलं झाडात मिसळतात, आभाळ फिकट पडतं आणि भिंत सपाट वाटते. कॅमेरा बदलू का?

उत्तर : कॅमेरा आहे तोच राहू द्या. लाल आणि हिरवा आपल्या डोळ्याला अगदी वेगळे वाटतात, पण दोघांचा उजळपणा जवळपास सारखा असेल तर रंग काढताच दोघांचा एकच करडा होतो. तुमच्या कौलांचं तेच झालं. फिल्मवर काम करताना आम्ही भिंगापुढे रंगीत फिल्टर लावायचो. लाल फिल्टर लाल प्रकाश आत सोडतो, निळा-हिरवा अडवतो; म्हणून कौलं उजळतात, झाड आणि निळं आभाळ गडद होतं. पिवळ्या फिल्टरनं आभाळ तसंच, पण बेतानं गडद होतं. डिजिटलमध्ये ही निवड नंतर, प्रत्येक रंगाचा उजळपणा वेगवेगळा कमी-जास्त करून करता येते. फक्त फोटोत रंग शाबूत हवेत, शक्यतो तो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढलेला हवा. कॅमेऱ्यानं स्वतःच कृष्णधवल जेपेग करून दिली, तर रंगांची माहिती गेली ती गेली. निळा मात्र फार खाली ओढू नका; आभाळात रव्यासारखे दाणे उमटतात आणि छपराच्या कडेला पांढरी रेघ दिसू लागते.

भिंतीचं दुखणं वेगळं आहे, ते संगणकावर बरं होत नाही. सूर्य पाठीशी असला की प्रत्येक दगडाची सावली त्याच दगडामागे लपते. भिंतीला घासून जाणारा तिरपा उजेड हवा, आणि त्यासाठी आधी भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघायला हवं. एका जुन्या गोठ्याच्या उत्तरेकडच्या भिंतीसाठी मी तीन खेपा घातल्या. पहिल्या दोन हिवाळ्यात; भिंत दिवसभर सावलीत. उत्तर गोलार्धात साधारण मार्चअखेर ते सप्टेंबर एवढ्याच काळात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. तिसऱ्यांदा जूनमध्ये उजाडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. ऊन भिंतीच्या कडेनं सरकत आलं आणि टाकीचा एकेक घाव वर आला. जेमतेम वीस मिनिटं. त्यानंतर पुन्हा नुसती भिंत.

ढगाळ दिवस वाया गेला असं मात्र समजू नका. जर्मनीतल्या बर्न्ड आणि हिला बेशर या छायाचित्रकार दांपत्यानं १९५९पासून झीगन परिसरातली लाकडी सांगाड्याची घरं टिपली, ती अशाच मऊ, बिनसावल्यांच्या उजेडात. सावली मध्ये आली नाही की कुठला खांब कुठल्या तुळईला भिडतो ते स्वच्छ वाचता येतं. घराची बांधणी दाखवायची असेल तर ढग चांगले, दगडाचा पोत दाखवायचा असेल तर तिरपं ऊन. ढगाळ आभाळावर फिल्टरचा काही परिणाम होत नाही, कारण अडवायला निळाच नसतो. अशा वेळी मी आभाळ चौकटीबाहेरच ठेवतो.

पुढच्या वेळी चुन्यानं रंगवलेली भिंत मिळाली तर एक ते दीड स्टॉप एक्सपोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड; एक स्टॉप म्हणजे दुप्पट) वाढवा. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतं, त्यामुळे पांढरा चुना मळकट येतो. हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजळपणाचा आलेख, उजव्या कडेला आदळत नाही ना, तेवढं पाहा. उघड्या दारातला अंधार काळाच राहू द्या. ओढून उजळलेला अंधार मला खोटा वाटतो. आणि भिंती आत झुकू नयेत म्हणून कॅमेरा वर न उचलता चार पावलं मागे जा.

एक कळकळीची विनंती : रंगीत फाइल पुसू नका. त्या गोठ्याचं दार निळं होतं. माझ्याकडे त्याच्या फक्त कृष्णधवल निगेटिव्ह आहेत आणि गोठा आता उभा नाही. हे उत्तर लिहिताना तो निळा आठवून पाहिला. फिकट होता, एवढंच सांगता येतं.