सासूबाईंना मी उपाशी ठेवलं का?

प्रश्न : ताई, सासूबाईंचा कॅन्सर हाडांत पसरला होता. डायपर, ड्रेसिंग, चार-चार तासांनी मॉर्फिनची गोळी, सगळं मीच केलं. शेवटचे काही दिवस त्या तोंडच उघडेनात, डॉक्टर म्हणाले बळजबरी नको, म्हणून मी नुसते ओल्या कापसाने ओठ पुसत राहिले. दहाव्याला कावळा शिवेना तर नणंद सगळ्यांदेखत म्हणाल्या, आई उपाशी गेली. खरं सांगू, त्या गेल्या तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं आणि आता त्याचीच लाज वाटते. रात्री दोनला अजून जाग येते, गोळीची वेळ ना ती. मॉर्फिननेच तर गेल्या नसतील? उरलेल्या गोळ्या कपाटात आहेत, त्यांचं काय करू?
– एक सून, सातारा

उत्तर : अगं, आधी जेवणाचं बघू. शरीर बंद पडायला लागलं की भूक आपोआप मरते, गिळायची ताकद जाते, अशात चमचाभर पेज जरी घातली तरी ती श्वासनलिकेत उतरून ठसका लागतो, न्यूमोनिया होऊ शकतो. त्या वेळी त्रास होतो तो तोंडाला कोरड पडल्याचा, आणि ते तर तू बघत होतीस. कावळ्याचं म्हणशील तर तो शिवला नाही की दर्भाचा कावळा करायची सोय गुरुजींकडे आहेच की! नणंदेलाही दुःख आहे, पण त्या किती रात्री जागल्या ते तू लिहिलं नाहीस आणि मीही विचारत नाही.

मॉर्फिन डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसात दिलं की दुखणं आणि धाप कमी होते, माणूस त्याने जात नाही. आपल्याकडे त्याचे नियम इतके किचकट होते की २०१४ मध्ये एनडीपीएस हा अमली पदार्थांचा कायदा बदलावा लागला, अजूनही सगळ्यांना मिळतं असं नाहीच. सासूबाईंना मिळालं, वेळेवर मिळालं.

आणि सुटल्यासारखं वाटलं त्याचं काय एवढं? भेटायला येणारा प्रत्येक जण 'सुटल्या बिचाऱ्या' म्हणून चहा पिऊन जातो, मग जिने रात्री काढल्या तिला वाटलं तर पाप कसलं? (व्हॉट्सअ‍ॅपवर ते दुःखाचे पाच टप्पे फिरतात ते मोजत बसू नकोस, क्यूबलर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये ते मांडले ते मरणाच्या दारातल्या पेशंटशी बोलून.)

दोनची जाग हळूहळू जाईल, उठलीस तर पाणी पी, मोबाइल घेऊ नकोस. पण जेवण तुटलं, कशातच मन लागेना किंवा जगणं नको वाटायला लागलं तर थांबू नकोस, १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

गोळ्या मात्र ठेवू नकोस, कुणाच्या गुडघेदुखीला तर अजिबात देऊ नकोस, जिथून आणल्या तिथेच परत नेऊन दे. पॅलिएटिव्ह केअरवाले, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करणारे लोक, पेशंट गेल्यावर घरच्यांशीही बोलतात, तिथल्या काउन्सेलरची वेळ त्याच दिवशी घे आणि जमलं तर नवऱ्यालाही ने, त्याचीही आई गेलीये आणि तुझ्या पत्रात त्याचं नावसुद्धा नाही.