मिरचीची मूळकूज : मात्रा वाढवावी की औषध बदलावे?

आपण विचारले आहे की, जमीन ओली असूनही मिरचीची रोपे कोमेजत आहेत आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी औषधाचे पाणी ओतणे) दोनदा करूनही गुण आला नाही, तर आता मात्रा वाढवावी की औषध बदलावे. औषध बदला, मात्रा वाढवणे म्हणजे पैसे मातीत घालणे आहे. नेमका हाच वाद माझा थोरल्या काकांशी झाला होता आणि त्यांनी तो अजूनही सोडलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

ऐन पावसाळ्यात आमच्या शेताच्या सखल बाजूची रोपे दुपारी माना टाकू लागली. काकांनी ती तहानलेली आहेत असे ठरवून उघडीप मिळताच पाणी सोडले. मी एक रोप मातीसकट खणून काढले आणि मुळे धुतली. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढले, तर साल मोज्यासारखी निसटून बोटांत आली आणि आतला दोऱ्याएवढा गाभा तेवढा रोपाला राहिला. जमिनीलगतचे खोड काळपट आणि पाणथळ झाले होते. काकांना हे सगळे दाखवले, तेव्हा त्यांनी कार्बेन्डाझिम दुप्पट टाकायला सांगितले.

अशी मूळकूज घडवणारे पिथियम आणि फायटोप्थोरा हे सूक्ष्मजीव दिसायला बुरशीसारखे असले, तरी खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीत. त्यांच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असतात. कार्बेन्डाझिम ज्या प्रथिनाला चिकटून बुरशीची वाढ रोखते, त्याची घडण या जीवांत वेगळी असल्याने त्यांना त्या औषधाची बाधा होत नाही. शिवाय त्यांचे चलबीजाणू दोन कशाभिकांच्या (शेपटीसारख्या तंतूंच्या) साहाय्याने मातीतल्या पाण्यातून पोहत, मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांच्या मागावर येतात, आणि साचलेल्या पाण्यात प्राणवायूअभावी दुबळी झालेली मुळे त्यांना आयतीच सापडतात. अशा वेळी पाणी वाढवणे म्हणजे रोगाला वाट करून देणे होय, हे काकांना तेव्हाही पटले नाही.

मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचे मिश्रण किंवा फोसेटिल ॲल्युमिनियम यांचा विचार करा, मात्र आपल्या पिकासाठी लेबलवर शिफारस आहे ना, हे पाहून मात्रा तेथूनच घ्या. एकटे मेटॅलॅक्झिल पुन्हा पुन्हा वापरू नका. बटाट्याच्या करप्याने 1980 मध्येच युरोपात त्याला दाद देणे सोडले होते. कुजलेले रोप कशानेही उठत नाही. औषध फक्त शेजारची रोपे वाचवते, तेही पाण्याचा निचरा झाला तरच. या रोगाचे जाड भिंतीचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात, त्यामुळे पुढच्या लागवडीला उंच गादीवाफे कराच.

हे आधीच सांगायला हवे होते : मर (रोप कोमेजून मरणे) म्हणजे दरवेळी हाच रोग असे नाही. खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्यात लटकवा. दुधी धार उतरली तर तो जिवाणूजन्य मर आहे आणि वरचे एकही औषध कामाचे नाही. फ्युजारियम या खऱ्या बुरशीमुळे मर असेल, तर कार्बेन्डाझिमला अर्थ आहे, आणि तेवढ्यापुरते काका बरोबर आहेत.

बाकी त्यांचे म्हणणे असे की, पाऊस ओसरला म्हणून आमचा रोग थांबला. मी चर खोदून पाणी काढले, त्या बाजूला नवी रोपे कोमेजणे भर पावसातच थांबले होते. चर नसलेल्या बाजूची रोपे मात्र पाऊस ओसरेपर्यंत जातच राहिली.