ओपन इलेक्टिव्ह, बास्केट आणि क्रेडिटच्या भानगडी : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

अॅडमिशनचा सीझन आला की पत्रांचा विषय ठरलेलाच असतो, आणि नवीन शैक्षणिक धोरण कॉलेजांमध्ये आल्यापासून तर निम्मी पत्रं एकाच गोष्टीवर असतात, की मेजर, म्हणजे मुख्य विषय, सोडून बाकीच्या विषयांच्या या याद्या, ज्यांना कॉलेजात बास्केट म्हणतात, एवढ्या कशाला आणि त्यातलं घ्यायचं काय. म्हणून हा अख्खा कॉलम त्यावरच.

ताई, मी सोलापूरला एफवाय बीएस्सीला आहे, मेजर फिजिक्स. ओपन इलेक्टिव्हच्या फॉर्ममध्ये इतिहास, मानसशास्त्र, पर्सनल फायनान्स असले ऑप्शन आहेत. मला पायथन हवं होतं, ते यादीतच नाही. सगळ्या मैत्रिणी म्हणतात इतिहास घे, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलं तरी होतं. काय करू?

आधी पायथनचं सांगते. महाराष्ट्रात ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे तुमच्या भाषेत ओई, हे मेजर ज्या फॅकल्टीत आहे तिच्या बाहेरूनच घ्यावं लागतं, शासनाच्या चौकटीतच तसं लिहिलंय. तू सायन्सची, कॉम्प्युटर सायन्सही सायन्समध्येच, म्हणून ते तुझ्या यादीत दिसलं नाही, कॉलेजनं मुद्दाम काही केलेलं नाही. पायथन शिकायचंच असेल तर स्किल एन्हान्समेंट, म्हणजे एसईसीच्या यादीत बघ, तिथे बऱ्याच कॉलेजांत असतं. नाहीतर मायनर निवडायची वेळ येईल तेव्हा कॉम्प्युटर मिळतंय का विचार. मायनर आणि ओई यात मुलं हमखास गोंधळतात. मायनर हा एकच विषय, जो पुढे सलग शिकायचा, डिग्रीभर मिळून त्याला साधारण १८ ते २० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन, साधारण १५ तासांना एक). ओई म्हणजे दर सेमिस्टरला वेगळं घेता येतं असं सुटं सुटं शिक्षण, पहिल्या दोन वर्षांत मिळून १० ते १२ क्रेडिटचं.

आता इतिहासाचं. सोपा विषय म्हणून घ्यायचा सल्ला सगळेच देतात आणि त्यातले बरेच जण सेमिस्टरच्या शेवटी रडत येतात. कारण काय, तर मार्कशीटवर ओईचं क्रेडिट आणि मेजरचं क्रेडिट यांची किंमत सारखीच. एसजीपीए, म्हणजे सेमिस्टरची ग्रेडची सरासरी, काढताना प्रत्येक पेपरचे ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटनं गुणतात, सगळ्यांची बेरीज करतात आणि एकूण क्रेडिटनं भागतात. समज सेमिस्टर २२ क्रेडिटचं आहे आणि ओई ४ क्रेडिटचं. ओईत ओ ग्रेड आली तर १० गुणिले ४, म्हणजे ४०. सी आली तर ५ गुणिले ४, म्हणजे २०. फरक २० चा, भागिले २२, म्हणजे बाकी सगळं तेच राहून एसजीपीए जवळजवळ ०.९ नं खाली. फिजिक्समध्ये तेवढं वर चढायला किती जीव काढावा लागतो ते तुला माहीतच आहे. आणि पहिल्या सेमिस्टरला बऱ्याच ठिकाणी २२ पैकी मेजरचे जेमतेम ६ क्रेडिट असतात, बाकी १६ याच "इकडच्या तिकडच्या" विषयांचे. म्हणजे ज्याला साइड म्हणतो तोच तिथे जास्त आहे.

मी निवडताना तीन गोष्टी बघेन. शिकवणार कोण, ही पहिली आणि सगळ्यात मोठी. एसवायच्या मुलांना विचार, कोणत्या सरांच्या तासाला मुलं आपणहून बसतात, ते लगेच सांगतील. दुसरं, इंटर्नलला काय आहे. काही ठिकाणी नुसती टेस्ट असते, काही ठिकाणी प्रोजेक्ट आणि प्रेझेंटेशन, आणि तुझं प्रॅक्टिकलचं जर्नल सांभाळून ते जमणार आहे का. तिसरं, टाइमटेबल, कारण ओईचा तास सगळ्या फॅकल्टींना जमावा म्हणून कधी सकाळी सातला कधी दुपारी उशिरा लावतात आणि तुझ्या लॅबच्या दिवशी तो आला तर हजेरीची बोंब. पर्सनल फायनान्सला माझं झुकतं माप आहे, कारण पहिला पगार आला की फॉर्म सोळा म्हणजे काय आणि एसआयपी म्हणजे काय हे यूट्यूबवर अर्धवट शिकलेल्यांची फौज मी बघितलीये. पण इतिहासाचे सर चांगले असतील तर बिनधास्त इतिहास घे, फक्त आदल्या रात्रीवर ठेवू नकोस.

एक कटू गोष्टही सांगते. यादीत बारा नावं आणि प्रत्यक्षात चालू दोन, असं सर्रास होतं. मुलं कमी आली किंवा शिक्षकच नाहीत म्हणून विषय बंद करतात आणि उरलेल्यांना एका वर्गात कोंबतात. धोरण कागदावर छान आहे, पण त्यासाठी लागणारे शिक्षक भरायचे कोणी, यावर सगळे गप्प. त्यामुळे फॉर्ममध्ये दुसरा आणि तिसरा प्रेफरन्सही विचार करूनच भर, तिथे काहीही टिकमार्क करून सोडू नकोस. तोच मिळायची शक्यता जास्त.

माझी मुलगी बीकॉम करतेय, पुढे सीए करायचंय. तिला भारतीय ज्ञान प्रणाली, पर्यावरण, एनएसएस असलं सगळं लावलंय. आमच्या वेळी कॉमर्सला कॉमर्स होतं. मुलांचा वेळ फुकट घालवायचा हा उद्योग नाही का? – एक वडील, लातूर

नमस्कार. तुमच्या वेळीही नुसतं कॉमर्स नव्हतं हो! मुंबई विद्यापीठात बीए-बीकॉमला फाउंडेशन कोर्स होताच, एफसी म्हणायचे त्याला, आणि तो शेवटच्या आठवड्यात गाइडवर उरकायचा हीसुद्धा परंपराच होती. पर्यावरणाचा विषय तर या धोरणातून आलेलाच नाही, सुप्रीम कोर्टानं १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर आदेश दिला तिथून तो सुरू झाला आणि पुढे यूजीसीनं डिग्रीच्या सगळ्या मुलांना सक्तीचा केला.

तुमची तक्रार अर्धी बरोबर आहे. ज्ञान प्रणालीचा पेपर २ क्रेडिटचा असतो, म्हणजे साधारण ३० तास, आणि त्यात आर्यभट ते आयुर्वेद ते वास्तुशास्त्र सगळं कोंबलं की मुलांच्या हाती यादी पाठ करण्यापलीकडे काही लागत नाही. हे मला अजिबात पटत नाही. त्यापेक्षा तेवढ्या तासांत एकच गोष्ट नीट शिकवा ना, जुनी हिशोबाची पद्धत घ्या, मोडी कागदपत्रं घ्या, कॉमर्सच्या मुलांना ते आवडेलही.

पण सीए करणाऱ्या मुलीला कॉमर्सबाहेरचं काही नकोच, हे मात्र मला मान्य नाही. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात होते तेव्हाची त्यांच्या विषयांची नोंद बघा. अर्थशास्त्राचे २९ कोर्स, ते त्यांचं मुख्य. पण त्याच्या जोडीला इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, वर प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. आणि भारतातल्या जातींवरचा त्यांचा १९१६ चा प्रसिद्ध निबंध कुठे वाचला गेला, तर मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, अर्थशास्त्राच्या नाही. त्यांना कोणी बास्केट भरायला लावली नव्हती हे खरं, आपणहून घेतलं. आपल्या पोरांना आपणहून घ्या म्हटलं तर किती घेतील ते तुम्हीही जाणता.

आयआयटी मुंबईतसुद्धा बीटेकच्या पोरांना ह्युमॅनिटीजचे कोर्स वर्षानुवर्षं घ्यावे लागतायत, तिथे कुणी बाप वेळ फुकट जातो म्हणून पत्र लिहीत नाही.

एनएसएसचं वेगळं. ते घेतलं तर दोन वर्षांत मिळून २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं, सीएचे क्लास आणि हे एकत्र ओढणं खरंच जड जाऊ शकतं. पण को-करिक्युलरमध्ये खेळ, योगा, सांस्कृतिक असेही पर्याय असतात, तिच्या कॉलेजात कोणते आहेत ते तिला स्वतःला विचारायला सांगा. तुम्ही जाऊन विचारू नका. मुलगी कॉलेजात गेलीये.

एईसीला, म्हणजे भाषेच्या एबिलिटी एन्हान्समेंट कोर्सला, मला मराठी लागलीये, पण मी सीबीएसईचा, दहावीला हिंदी होती. पास होईन ना?

होशील रे. एईसीत इंग्रजी आणि एक आधुनिक भारतीय भाषा असते, भाषा कोणती ते कॉलेजात काय शिकवतात यावर. हिंदीची बॅच असेल तर पहिल्या आठवड्यातच बदलून घे, नंतर ऑफिसवाले फिरवत बसतात. मराठीच राहिली तरी बऱ्याच ठिकाणी अभ्यासक्रम व्यावहारिक मराठीचा आहे, अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, बातमी लिहिणं. पुढे इथेच नोकरी करायची असेल तर सरकारी कागद वाचता येणं ही कामाचीच गोष्ट आहे. जुने पेपर मिळव आणि हाताने लिहून बघ, टाइप करायची सवय लागलेल्यांचे ऱ्हस्व-दीर्घ परीक्षेत फार हाल करतात.

आम्ही फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्नियात असतो. मुलगा कम्युनिटी कॉलेजात आहे, दोन वर्षांनी यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, कॉम्प्युटर सायन्समध्ये ट्रान्सफर हवी. काउन्सेलर म्हणते कॅल-जेटसी पूर्ण कर, त्याचे मित्र म्हणतात आधी मॅथ-फिजिक्स संपव. त्याला एथनिक स्टडीज आणि भाषण देण्याचा कोर्स कशाला घ्यायचा तेच कळत नाहीये. – एक आई

तुमच्याकडे हा प्रकार आपल्यापेक्षा जुना आणि शिस्तीचा आहे. २०२५ च्या फॉलपासून नवीन मुलांसाठी यूसी आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) दोन्हीकडे चालणारा एकच जनरल एज्युकेशनचा नमुना आलाय, तोच हा कॅल-जेटसी. ११ कोर्स, किमान ३४ युनिट. इंग्रजी लेखन, क्रिटिकल थिंकिंग, ओरल कम्युनिकेशन, गणित, कला आणि मानव्य, समाजशास्त्रं, विज्ञान एका लॅबसकट, आणि एथनिक स्टडीज. प्रत्येकात किमान सी हवा, सी मायनस चालत नाही.

काउन्सेलर आणि मित्र दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. कॉम्प्युटर सायन्ससारख्या गर्दीच्या मेजरला यूसी आधी मेजरची तयारी बघते, कॅल्क्युलस, प्रोग्रामिंग वगैरे, ते राहिलं तर नुसता जनरल एज्युकेशनचा गठ्ठा उपयोगाचा नाही. म्हणून दर सेमिस्टरला दोन मेजरचे आणि एक-दोन कॅल-जेटसीचे असं मिसळून घ्या, सगळं सोपं पहिल्या वर्षी आणि सगळं अवघड दुसऱ्या वर्षी असं करू नका. कोणता कोर्स कुठे धरला जातो ते असिस्ट डॉट ऑर्गवर प्रत्येक कॅम्पसप्रमाणे दिसतं, तिथे कॅम्पस आणि मेजर निवडून त्यालाच यादी काढायला लावा. गणिताचा कोर्स मेजरमध्येही धरला जातो आणि कॅल-जेटसीतही, तसा दुहेरी फायदा जिथे मिळेल तिथे घ्या. हायस्कूलला एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या, परीक्षा दिल्या असतील आणि ३ किंवा त्याहून जास्त स्कोअर असेल तर यातले काही विषय त्यातूनच भरून निघतात, ते काउन्सेलरला आठवणीनं दाखवा.

भाषणाच्या कोर्सला मात्र पळवाट शोधू नका. कोड लिहिणारी पोरं मीटिंगमध्ये चार वाक्यं धड बोलत नाहीत अशी तक्रार तिकडून येणाऱ्या प्रत्येक मावसभावाकडून ऐकलीये.

ओई ऑनलाइन, "स्वयम" या सरकारी पोर्टलवर केलं तर चालतं का? कॉलेजला जायचा कंटाळा येतो.

चालतं. यूजीसीच्या नियमात एका सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स "स्वयम"वरून घेता येतात. पण आधी कॉलेजची परवानगी घे, लेखी, तोंडी नको, आणि तोच कोर्स तुझ्या बास्केटमध्ये बसतो का ते विचार. कोर्स संपवला, फी भरून सेंटरवर परीक्षा दिली आणि मग कॉलेज म्हणालं आम्ही हा धरत नाही, अशी पत्रंही येतात. क्रेडिट एबीसीत, म्हणजे अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेत का तेही बघ, नाव आधारवर आहे तसंच हवं, नाहीतर अडकतं. आणि कंटाळा हे कारण अर्जात लिहू नकोस.