मॅच बघता बघता चीज लोडेड फ्राईज : तुमच्या प्रश्नांची उत्तरं

मी घरून पार्टी ऑर्डर्स करते, त्यामुळे क्रिकेटचा सीझन सुरू झाला की फ्राईजबद्दल विचारणारे खूप असतात. मधल्या टेबलावर एक मोठी परात ठेवायची, सगळ्यांनी तिच्यातनं ओढून खायचं, चीजची तार लांबवर जायची, असा हा पदार्थ. सोपा वाटतो पण फसतो फार, म्हणून या वेळी सगळे प्रश्न एकत्रच घेतलेत.

ताई, फ्राईज तळले तेव्हा एकदम कडक होते, चीज सॉस ओतला आणि पाच मिनिटांत लगदा. काय चुकतंय? (डोंबिवली)

तुमचं तळणं बहुतेक बरोबर असेल, गडबड तळल्यानंतर होते. गरम फ्राईजमधनं वाफ निघत असते, आपण ते खोलगट भांड्यात ढीग करून ठेवतो, वर झाकण नाहीतर फॉईल, मग ती वाफ जाणार कुठे, परत फ्राईजमध्येच मुरते. तळलेले फ्राईज टिश्यूवर पसरून ठेवले तरी खालची बाजू घामेजते, त्यापेक्षा जाळी किंवा मोठी चाळणी उलटी करून तिच्यावर टाका, खालून हवा लागली पाहिजे. आणि झाकायचं नाही म्हणजे नाही, गार होतील या भीतीनेसुद्धा नाही.

दुसरं म्हणजे दोनदा तळायचं. पहिल्यांदा मध्यम तेलात, साधारण 150-160 अंशाला 5-6 मिनिटं, रंग येऊ द्यायचा नाही, नुसता आतला बटाटा शिजला पाहिजे. मग पूर्ण गार करायचे आणि वाढायच्या ऐन वेळी 180-190 अंशाला 2-3 मिनिटं. थर्मामीटर नसेल तर एक तुकडा टाकून बघा, पहिल्या वेळी तो खाली जाऊन सावकाश बुडबुडे सोडत वर येतो, दुसऱ्या वेळी टाकल्या टाकल्या चुरचुरत वर यायला हवा. घाणा छोटा घ्या, दोन लिटर तेलाला पाव किलोच्या आसपास, कढई भरून टाकलं की तेल थंड पडतं आणि मग फ्राईज तळले जाण्याऐवजी तेल पितात.

तिसरं, सगळा सॉस वरून ओतू नका. परातीत फ्राईजचा एक थर, त्यावर किसलेलं मोझरेला, परत फ्राईज, मग सॉसच्या धारा, आणि उरलेला सॉस मध्ये वाटीत. ज्याला हवं तो बुडवून घेईल आणि कडेचे फ्राईज शेवटपर्यंत कुरकुरीत राहतील.

बटाटा कोणता घ्यायचा? माझे फ्राईज बाहेरून काळपट होतात नि आत कच्चे राहतात. (नाशिक)

बटाटा फ्रीजमध्ये ठेवत असाल तर आधी ते बंद करा. फार थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते आणि ही साखर तेलात भराभर जळते, म्हणून आत शिजायच्या आधीच बाहेरून काळपट. कोल्ड स्टोरेजचा गोडसर बटाटा पण हेच करतो. कुफरी चिप्सोना जातीचा मिळाला तर उत्तमच, ती जात तळण्यासाठीच काढलेली आहे, साखर कमी आणि आत पाणीही कमी. भाजीवाल्याला जातीचं नाव माहीत नसतं, त्याला सरळ विचारायचं, वेफर्सचा बटाटा आहे का. नवा, नखाने साल निघणारा बटाटा भाजीला घ्या, त्यात पाणी जास्त असतं, फ्राईज मऊच पडणार.

कापून थंड पाण्यात अर्धा तास, पाणी दोनदा बदलून. मग उकळत्या पाण्यात मीठ आणि लिटरला एक मोठा चमचा व्हिनेगर घालून 7-8 मिनिटं, व्हिनेगरमुळे बटाटा शिजतो पण मोडत नाही. निथळून कापडावर पूर्ण कोरडे करा, मगच तेलात. एवढा वेळ नसेल तर फ्रोझन पाकीट आणा, त्यात काहीही कमीपणा नाही, ते कारखान्यात एकदा तळलेलेच असतात. फक्त वितळू देऊ नका, फ्रीझरमधनं थेट तेलात.

चीज सॉस कधी गुठळ्या, कधी तेल सुटलेलं. प्रमाण सांगाल का? (कोल्हापूर)

सांगते. 12 माणसांसाठी एक लिटर दूध, 60 ग्रॅम बटर, 60 ग्रॅम मैदा, 350 ग्रॅम चीज. बटरमध्ये मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग नको, मग दूध थोडं थोडं घालत हलवत राहा. चमच्याच्या पाठीवर थर धरला की गॅस बंद. आणि गॅस बंद केल्यावरच किसलेलं चीज मूठमूठ घालायचं. उकळत्या सॉसमध्ये चीज टाकलं की त्यातलं प्रोटीन आवळतं नि फॅट बाहेर येतं, तेच तुम्हाला तेल सुटलेलं दिसतं.

चीजमध्ये अर्ध्याहून जास्त साधं प्रोसेस्ड चीज घ्या, त्यात इमल्सिफायर, म्हणजे फॅट आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे घटक असतात, म्हणून ते गुळगुळीत वितळतं. चव यायला थोडं चेडर. मोझरेला सॉसमध्ये नको, ते तारा धरतं आणि गोळा होतो, त्याची जागा फ्राईजवर. लाल तिखट, मोहरीची पूड चिमूटभर, मीठ अगदी शेवटी चाखून, कारण चीज आधीच खारट असतं. सॉस घट्ट झाला तर गरम दूध घाला, गार नको.

आमच्याकडे 15 जण येणार आहेत, फ्राईज कधी तळू? किचनमध्येच अर्धी मॅच जाते. (ठाणे)

हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, कारण जो करतो त्यालाही मॅच बघायला मिळाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

2 नोव्हेंबर 2025, महिलांची वर्ल्ड कप फायनल, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. आमच्या क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावला होता आणि 40 जणांचे फ्राईज माझ्याकडे होते. मॅच 3 ला सुरू व्हायची ती पावसामुळे 5 ला सुरू झाली. मी तोवर सगळे फ्राईज एकदाच तळून जाळ्यांवर पसरून ठेवले होते, त्यामुळे दोन तासांनी काहीही बिघडलं नाही, सगळे पूर्ण तळले असते तर मात्र संपलंच होतं. आपल्या 298 धावा झाल्यावर ब्रेकमध्ये पहिल्या पराती भरल्या, उरलेला घाणा दक्षिण आफ्रिकेच्या बॅटिंगमध्ये काढला. त्यांची कॅप्टन वोल्वार्ट 101 वर असताना आपल्या अमनजोतच्या हातातनं तो कॅच उडत उडत शेवटी धरला गेला ना, तेव्हा माझ्या एका हातात झारा होता नि दुसऱ्या हाताने मी शेजारच्या काकूंचा दंड घट्ट धरला होता. आपण 52 धावांनी जिंकलो, परातीत तळाला चिकटलेलं चीजसुद्धा पोरांनी खरवडून खाल्लं.

तर तुमच्यासाठी: आयपीएलची 7:30 ची मॅच असेल तर 5 वाजता पहिलं तळण, 6 ला टॉपिंग कापून डब्यांत, सॉस पावणेनऊला करून गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा. इनिंग संपायला दोन ओव्हर राहिल्या की तेल तापवा, ब्रेकमध्ये दोन कढया लावून भराभर दुसरं तळण. 15 जणांना अडीच किलोचं फ्रोझन पाकीट पुरतं, आणि ते असेल तर पहिलं तळण वाचलंच. दोन मध्यम पराती करा, एक सोफ्याकडे एक मुलांकडे, नाहीतर मागे बसलेल्यांना नुसता कांदा मिळतो.

आमच्याकडे अमेरिकेत आयपीएल सकाळी 10 ला लागते, घरात तळण केलं की स्मोक अलार्म वाजतो. ओव्हनमध्ये जमेल का? (एडिसन, न्यू जर्सी)

जमेल आणि छान जमेल. ट्रे ओव्हनमध्येच 425 फॅरनहाइटला तापवून घ्या, फ्रोझन फ्राईज एका थरात पसरा, एकमेकांवर चढले की वाफवले जातात. मध्ये एकदा उलटा. कुरकुरीत झाले की चीज घालून ब्रॉयलरखाली, म्हणजे ओव्हनच्या वरच्या आचेखाली, दोन मिनिटं, तिथनं हलायचं नाही. तिकडे किसलेल्या चीजची पिशवी मिळते ती सॉसला वापरू नका, सुटं राहावं म्हणून त्याला स्टार्च नाहीतर सेल्युलोज लावलेलं असतं, सॉस रवाळ होतो. ब्लॉक आणून घरी किसा.

घरी जैन पाहुणे येणार, बटाटा चालत नाही. (पुणे)

कच्च्या केळ्याचे करा. साल काढून जाड काप, लगेच हळद-मिठाच्या पाण्यात, नाहीतर काळे पडतात. पुसून एकदाच मध्यम-कडक तेलात तळा, केळं लवकर शिजतं. तेल वेगळं, कढई वेगळी, आणि त्यांची परातही वेगळी आधीच भरा. चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना बघा, आणि तयार मसाल्यात लसूण पावडर हमखास असते, ती यादी वाचल्याशिवाय मसाला भुरभुरू नका.

टॉपिंग काय काय? खिमा घातला तर पाणी सुटतं. (सोलापूर)

खिमा कोरडा पडेपर्यंत मोठ्या आचेवर परता, रस्सा अजिबात नको, कढईला चिकटायला लागला की झाला. टोमॅटोच्या बिया काढून टाका, मक्याचे दाणे भाजून घ्या, कांदा बारीक चिरून शेवटी. आंबट क्रीमऐवजी चक्का दोन चमचे दुधात फेटून घ्या, आपल्याकडे तो मिळतो आणि चवीला मला जास्त आवडतो. आणि ठेचा! सोलापूरकरांना मी शेंगदाण्याचं काय सांगू, पण शेंगदाणे घातलेला हिरव्या मिरचीचा ठेचा चीजवर टाचणीभर टाकून बघा. खिमा आणि सॉस दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका, उरला तर फ्रीजमध्ये. उरलेले फ्राईज मात्र मायक्रोवेव्हमध्ये नको, दुसऱ्या दिवशी तव्यावर थोड्या बटरवर दाबून परता आणि वर अंडं फोडा.