गुंड्या, सुया आणि राजहंसगड

"मॅडम, देऊन टाकू का ओ त्याला? की पाप लागेल मला?"

बेळगावातल्या वडगावहून माझ्याकडं समुपदेशनाला आलेल्या बाईंनी खुर्चीत नीट बसायच्या आधीच विचारलं. साठीला टेकलेल्या, निवृत्त शिक्षिका, दोन्ही मनगटांवर बारीक ओरखडे. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, त्यांना विचारूनच लिहितेय.) खानापूरकडच्या एका मळ्यातून त्यांनी नऊ आठवड्यांचं गावठी पिल्लू आणलं होतं, स्वतःच्या हौसेनं. डोळे शर्टाच्या गुंडीसारखे, म्हणून नाव गुंड्या. त्याला आणून महिना झाला होता. तेवढ्यात अर्धी झालेली वाकळ कपाटावर गेली आणि रविवारी पहाटे मैत्रिणींबरोबर येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगडापर्यंत जाणं बंद पडलं.

"पोरं वाढवली, तेव्हा एवढी रडले नव्हते," म्हणाल्या आणि रडल्या.

आधी मी नेहमीचं तपासलं. भूक कशी आहे, दिवसभर उदास वाटतं का, जगणं नकोसं होतं का. तसं काही नव्हतं. एका रात्री बहिणीनं पिल्लू नेलं, तर त्या सलग सात तास झोपल्या आणि सकाळी बऱ्या होत्या. ती रात्र बरंच काही सांगून गेली. नवीन पिल्लू आणलेल्यांची ही अवस्था इतकी सर्रास दिसते की हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2024 मध्ये तिच्यासाठी प्रश्नावलीच प्रसिद्ध केली. वैताग, चिंता आणि थकवा असे तिचे तीन भाग पाडलेत. हे ऐकून बाई पहिल्यांदा जरा हसल्या. "म्हणजे माझ्यासारख्या वेड्या तिकडंही आहेत!"

द्यायचं की ठेवायचं हे रात्री दोन वाजता ठरवायचं नाही, एवढंच पक्कं केलं. पिल्लू चांगल्या घरी देण्यात पाप नाही, हेही सांगितलं. ते ऐकल्यावरच त्या ठेवण्याविषयी मोकळेपणानं बोलायला लागल्या.

मग माझी चूक झाली. मी त्यांना वेळापत्रक करून दिलं. चार ते सहा शिवण, सहाला फिरणं. आठवड्यानं कागद परत आला तो कोपरा चघळलेला. "तुमचं टाइमटेबल खाल्लं बघा त्यानं."

दुसऱ्यांदा वही दिली. करायचं काही नाही, फक्त गुंड्या कधी झोपतो ते तीन दिवस लिहायचं. बेरीज अठरा तासांच्या आसपास आली. बाई वहीकडं बघतच राहिल्या. या वयाची पिल्लं एवढी झोपतातच. झोप अपुरी राहिली तर उलट जास्त चावतात. वेळ होता, पण चाळीस मिनिटं, तासभर असा तुकड्यातुकड्यांत. बाईंना सवय होती जेवण आवरून सलग तीन तास बसायची. मी विचारलं, तुमची आजी वाकळ कधी शिवायची? "आधण येईपर्यंत," त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ गप्प होत्या. जुन्या साड्यांचे थर घालायचे, कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि फिरत फिरत मधे यायचं. हे काम कुठंही थांबवता येतं.

सुईची भीती मात्र खरी होती आणि ती मी अजिबात कमी केली नाही. पिल्लानं लांब दोरा गिळला आणि त्याचं एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलं, तर आतड्याला चुण्या पडतात, दोरा ओढल्यावर कापडाला पडतात तशा. त्यात आतडं कापलंही जातं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही, तडक जनावरांच्या डॉक्टरांकडं जायचं. बाईंनी स्वतःच नियम काढला: डब्यात सात सुया, उठायच्या आधी सात मोजायच्या. जमिनीवर बसून शिवायचं नाही, आणि शिवताना गुंड्या जाळीच्या दाराबाहेर, त्याच्या चघळायच्या दोरखंडासह. दुधाचे दात पडायला लागले होते. काही ना काही चावल्याशिवाय तो राहणारच नव्हता.

फिरण्याचं अवघड होतं. शेवटची लस बाकी, बाहेर पार्व्होची (पिल्लांच्या जिवावर बेतणारा विषाणूचा आजार) भीती, म्हणून डॉक्टरांनी रस्त्यावर सोडू नका म्हटलेलं. बाईंनी त्याचा अर्थ घराबाहेर पडूच नका असा घेतला. पण साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं, त्याची भीती पुढं कमी वाटते, आणि गुंड्याचे तेच दिवस संपत आले होते. डॉक्टरांना विचारून मग जुन्या ओढणीची झोळी केली. विणकरांच्या मागांची खटखट, भाजीवाल्याची हाळी, बसचा हॉर्न, सगळं त्यानं छातीशी बसून ऐकलं.

आणि गड? एवढ्या लहान पिल्लाला तेवढं चालवत न्यायचं नसतंच, हाडं-सांधे अजून वाढत असतात. म्हणजे बाईंनी एकटीनं जायचं. इथं खरी गाठ होती. "ह्यांना नाही जमणार ओ. शू केली तर पेपरसुद्धा टाकणार नाहीत." त्यांना एकदा तरी करू दिलंय का, असं विचारलं, तर उत्तर आलं नाही. मला वाटतं, पिल्लानं जेवढं अडवलं नव्हतं तेवढं या खात्रीनं अडवलं होतं. नवऱ्याचंही थोडं होतंच. "तुलाच हौस" हे वाक्य महिनाभर ऐकवलं होतं त्यांनी.

श्रावणातल्या एका रविवारी बाई गेल्या. बासमतीच्या शेतांत पाणी उभं होतं, गडावर धुकं. सिद्धेश्वराच्या देवळाशी पोचून त्यांनी घरी फोन लावला, तर गृहस्थ कुजबुजत म्हणाले, "हळू बोल, आत्ताच झोपलाय."

आता एक रविवार त्यांचा, एक ह्यांचा. परवा फोनवर कळलं, वाकळ अजून अर्धीच आहे.