ढोल जुळत नाहीये? आधी मान वर कर

ढोल-ताशा पथकात नवीन असताना सगळेच आपल्या टिपरूकडे, म्हणजे ढोल वाजवायच्या काठीकडे, बघत वाजवतात आणि हमखास मागे पडतात. ताशा ऐकून मग हात उचललास तर उशीर झालाच म्हणून समज. पुढचा ठोका अंगात आधीच यायला हवा. समोरच्या रांगेतल्या जुन्या वादकाचा खांदा बघ. ठोक्याआधी तो किंचित वर जातो, त्याच्याबरोबर श्वास घे.

श्वासाचं उगाच सांगत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गतीही एकत्र वर-खाली होताना दिसली, कारण गाण्याच्या ओळींमुळे सगळे एकाच वेळी श्वास घेत होते. (आमच्याकडे श्वासालाही ताशेवाल्याची परवानगी लागते, ते सोड.)

चुकलास तर घाईने गाठायला जाऊ नकोस. दोन ठोके गाळ, नुसती मान डोलव, मग पुन्हा शिर.