प्रार्थना करूनही काहीच घडत नसेल, तर देव काम करतोय हे कसं ओळखायचं?

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याला देव वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत नाही, तर मंद वाणीत भेटला (१ राजे १९). बायबलमधल्याच एस्तेर राणीच्या मूळ हिब्री पुस्तकात देवाचं नावही नाही. तरी राजाची एका रात्रीची झोप उडते आणि यहुद्यांना संपवण्याचा सगळा डाव उलटतो. म्हणून खुणा मागू नका. वहीत तारखेसह विनंती लिहा, समोरचं पान कोरं ठेवा, महिन्याने वाचा. आधी बघा, तुमचं मन कुठे बदललं. घोळ होतो तो बायबल कुठेही उघडून दिसेल ते वचन उत्तर मानल्याने: संदर्भ तुटतो. अख्खा अध्याय वाचा, पाळकांशी बोला. आपल्या पुणे जिल्ह्यातलंच बघा: पंडिता रमाबाईंना लूकचं बंगाली शुभवर्तमान आसामातल्या सिल्चरला सापडलं, बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात, निराधार स्त्रियांसाठीचं केडगावचं मुक्ती मिशन त्याच्याही कितीतरी नंतर.